पाचट, पाला आणि मातीतला कर्ब : होळीपासून मृगापर्यंतची कामे



फाल्गुन संपत आला की बांधावरचे गिरिपुष्प पाने टाकून देते आणि उघड्या फांद्यांवर गुलाबी फुले येतात. साग उघडा झालेला असतो. कडुनिंबाखाली पिवळ्या पानांचा थर साचलेला असतो. पुढे चैत्र-वैशाखाचे ऊन आहे, आणि नेमक्या त्याच्या तोंडावर झाड आपला पाला आपल्या बुडाशी अंथरते. आपण मात्र याच दिवसांत नेमके उलटे करतो. ऊस तुटलेले फड संध्याकाळी पेटतात, गव्हाचे काड पेटते, कोकणात राब भाजले जातात, बांधाचे गवत जाळले जाते. मग उघडी, काळी पडलेली जमीन मृगापर्यंत तशीच तापत ठेवतो आणि जूनमध्ये खताच्या पोत्यासाठी रांगेत उभे राहतो.

होळी ते मृग हे साधारण तीन महिने जमिनीच्या दृष्टीने वर्षातले सर्वांत महत्त्वाचे असतात. पीक उभे नसल्यामुळे या काळात जमिनीकडे आपले लक्ष नसते. प्रस्तुत लेखात या तीन महिन्यांत काय करावे आणि काय करू नये याचा विचार केला आहे. अलीकडे यालाच ‘पुनरुज्जीवक शेती’ असे नाव मिळाले आहे. नाव नवे असले तरी त्यातली बहुतेक कामे आपल्या ओळखीचीच आहेत.

कर्ब कशासाठी?

माती परीक्षणाच्या अहवालात नत्र, स्फुरद, पालाश यांच्याबरोबर सेंद्रिय कर्बाचा आकडा असतो. बहुतेक शेतकरी तो वाचून पुढे जातात, कारण त्याचे पोते दुकानात मिळत नाही. आपल्याकडील वर्गवारीनुसार सेंद्रिय कर्ब ०.२० टक्क्यांपर्यंत असल्यास अत्यंत कमी, ०.२१ ते ०.४० कमी, ०.४१ ते ०.६० मध्यम, ०.६१ ते ०.८० थोडा जास्त, ०.८१ ते १.०० जास्त आणि १.०० पेक्षा अधिक असल्यास अत्यंत जास्त समजतात. आपला आकडा यात कोठे बसतो ते अहवाल काढून एकदा पाहावे.

हा कर्ब म्हणजे कुजलेल्या पाल्याचा, मुळांचा आणि शेणाचा मातीत टिकून राहिलेला अंश. मातीचे बारीक कण एकमेकांना धरून ठेवण्याचे, पाणी मुरवण्याचे, अन्नद्रव्ये धरून ठेवण्याचे आणि जिवाणूंना अन्न पुरविण्याचे काम तो करतो. आपल्या जमिनीत तो किती काम करतो हे पाहण्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. नांगरटीच्या रानातले एक वाळलेले ढेकूळ आणि बांधावरच्या, कधीही न नांगरलेल्या गवताखालचे एक वाळलेले ढेकूळ घ्यावे. दोन काचेच्या पेल्यांत पाणी भरून ती हलकेच सोडावीत. बहुधा रानातले ढेकूळ थोड्याच वेळात विरघळून तळाशी गाळ होते आणि बांधावरचे बराच वेळ आकार धरून राहते. पहिल्या वळवाच्या सरीखाली आपल्या रानात जे होते तेच पेल्यात दिसते. कण सुटतात, छिद्रे बुजतात, वर पापुद्रा धरतो आणि पाणी मुरण्याऐवजी ओघळीला लागते.

जाळल्याने काय जाते?

एक हेक्टर उसापासून साधारण ८ ते १० टन पाचट मिळते. त्यात सुमारे ०.५ टक्के नत्र, ०.२ टक्के स्फुरद, ०.७५ ते १ टक्का पालाश आणि ३२ ते ४० टक्के सेंद्रिय कर्ब असतो. म्हणजे १० टन पाचटात ५० किलो नत्र आहे. युरियाच्या हिशेबात हे सुमारे ११० किलो होतात, म्हणजे ४५ किलोची जवळजवळ अडीच पोती. काडी लावल्यावर हे नत्र जवळपास सगळेच हवेत जाते. स्फुरद व पालाश बऱ्याच अंशी राखेत उरतात, हे खरे. म्हणूनच काही जण ‘राख हे खतच आहे’ असे म्हणतात. पण एप्रिलच्या वावटळीत ती राख कोणाच्या रानात जाऊन पडते याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

याशिवाय वरच्या थरातले जिवाणू, गांडुळांची अंडी आणि बुडख्यांवरचे जमिनीलगतचे डोळे भाजतात. धुरातून कर्बवायूबरोबर मिथेन, कार्बन मोनॉक्साइड आणि काजळी हवेत जाते. येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. पाचट कुजवले तरी त्यातल्या कर्बाचा मोठा भाग शेवटी कर्बवायू होऊनच हवेत परत जातो. जिवाणू श्वास घेतात, त्याला इलाज नाही. फरक आहे तो उरणाऱ्या भागात. जाळल्यावर जमिनीत जवळजवळ काही उरत नाही. कुजवल्यावर शंभर किलो कर्बातले दहा-पंधरा किलो मातीत टिकाऊ रूपात राहतात, आणि बाकीचे पंच्याऐंशी-नव्वद किलो जाता जाता जिवाणूंचे पोट भरून जातात.

खोडव्यातील पाचट : पद्धत

फलटण तालुक्यातील पाडेगाव येथे १९३२ पासून ऊस संशोधनाचे काम चालू आहे. पाचट ठेवून खोडवा घेण्याची जी पद्धत आज आपण सांगतो, तिचा महाराष्ट्रात प्रसार करण्यात या केंद्राचा मोठा वाटा आहे.

खोडवा १५ फेब्रुवारीपर्यंत तुटलेल्या उसाचाच ठेवावा. त्यानंतर तुटलेल्या उसाच्या फुटव्यांना सुरुवातीपासूनच उन्हाचा मार बसतो आणि उत्पादन घटते. काणी, गवताळ वाढ या रोगांचा किंवा हुमणीचा प्रादुर्भाव झालेल्या फडाचा खोडवा ठेवूच नये. रोगट बेटे मुळासकट खणून नष्ट करावीत. ही जाळली तरी माझी हरकत नाही.

ऊस तुटल्यावर जागोजागी पडलेले पाचटाचे ढीग पसरून सर्व सऱ्यांत सारखे करावे. बुडख्यांवर पाचट राहू देऊ नये, कारण कोंबाला उजेड लागतो. उंच राहिलेले बुडखे धारदार कोयत्याने जमिनीलगत छाटावेत. हे काम मजुरांना नको असते आणि आपणही कानाडोळा करतो. पण उंच बुडख्याच्या वरच्या डोळ्यांतून आलेले फुटवे पोसत नाहीत. जोमदार फुटवा जमिनीखालच्या डोळ्यातूनच येतो. छाटलेल्या बुडख्यांवर १० लिटर पाण्यात १० ग्रॅम कार्बेन्डाझिम या प्रमाणात फवारणी करावी.

यानंतर पाचटावर हेक्टरी १२५ किलो युरिया आणि १२५ किलो सिंगल सुपर फॉस्फेट विस्कटून टाकावे. त्यावर १० किलो पाचट कुजविणारे जिवाणू संवर्धक चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून सारखे पसरावे आणि लगेच पाणी द्यावे. पाणी दिल्यावर पाचट पायाने सरीत दाबून घ्यावे म्हणजे त्याचा मातीशी संबंध येतो. यंत्राने तोडलेल्या उसाचे पाचट बारीक तुकड्यांत पडते आणि लवकर बसते. हाताने तोडलेल्या उसात पाचट कुट्टी यंत्र मिळाल्यास ते फिरवावे, न मिळाल्यास अडून राहू नये.

या खोडव्यात बगला फोडायच्या नाहीत आणि बांधणीही करायची नाही. रासायनिक खताची शिफारशीची मात्रा दोन समान हप्त्यांत पहारीने द्यावी. पहिला हप्ता तोडणीनंतर १५ दिवसांच्या आत आणि दुसरा १३५ दिवसांनी. बुडख्यापासून १० ते १५ सेंमी अंतरावर, १५ ते २० सेंमी खोल छिद्र घ्यावे आणि दोन छिद्रांत ३० सेंमी अंतर ठेवावे. पहिला हप्ता सरीच्या एका बाजूला दिला असल्यास दुसरा विरुद्ध बाजूला द्यावा. खत मुळाजवळ, ओलीत आणि मातीआड पडते. वर फेकलेल्या युरियातले नत्र अमोनिया होऊन उडते. पाणी साचलेल्या रानात नत्राचा काही भाग नायट्रस ऑक्साइड होऊन निघून जातो. हवा तापविण्याची या वायूची ताकद शंभर वर्षांच्या हिशेबात कर्बवायूच्या सुमारे पावणेतीनशे पट आहे. तेव्हा पहारीचे काम हे खताच्या बचतीचे तसेच हवामानाचेही काम आहे.

युरिया का टाकायचा? माझी एक चूक

पाचटावर युरिया टाकायचा म्हटले की अनेकांना तो वाया गेल्यासारखा वाटतो. याबाबत माझीच एक चूक सांगते.

मी अध्यापनाच्या नोकरीत रुजू झाले त्याच्या दुसऱ्या वर्षी माहेरी फोन करून वडिलांना सांगितले, “आबा, यंदा पाचट पेटवू नका, सरीत ओढा.” एवढेच सांगितले. युरिया, सुपर आणि जिवाणू यांचा उल्लेख केला नाही, कारण तो घाईत राहून गेला. आबांनी शब्द पाळला. महिन्याभराने आमचा अर्धा एकर खोडवा हळदीसारखा पिवळा पडला आणि शेजारचा, पेटवलेला फड हिरवागार दिसत होता. पारावर काय बोलले गेले असेल ते वाचकांनी ओळखावे. आबा मला काही बोलले नाहीत. पुढच्या वर्षी मात्र त्यांनी मला न विचारता फड पेटवून दिला.

झाले ते असे. पाचटात कर्ब भरपूर आणि नत्र फार थोडे असते, कर्ब-नत्राचे गुणोत्तर सत्तर-ऐंशीला एक असे. मातीतल्या पक्व सेंद्रिय पदार्थात ते दहा-बाराला एक असते. पाचट कुजवायला बसलेल्या जिवाणूंना स्वतःचे शरीर बांधण्यासाठी नत्र लागते. पाचटात ते पुरेसे मिळत नाही, म्हणून ते मातीतले उपलब्ध नत्र उचलतात आणि पिकाची उपासमार होते. हे नत्र नाहीसे होत नाही, काही महिन्यांनी जिवाणू मेल्यावर ते पिकाला परत मिळते. पण कोवळ्या फुटव्याला तेवढी उसंत नसते. १२५ किलो युरिया म्हणजे जिवाणूंची शिदोरी आहे. ती दिली नाही तर ते पिकाच्या ताटातले खातात.

तिसऱ्या वर्षी मी रजा काढून गेले आणि सगळे पद्धतशीर करून घेतले, तेही अर्ध्याच रानात. उरलेल्या अर्ध्यात आबांनी त्यांच्या पद्धतीने केले. त्यांना पटले ते मे महिन्यात. पाचटाच्या रानाला पाण्याची पाळी चार-पाच दिवस उशिरा लागली आणि त्या वर्षी विहिरीला पाणी बेताचेच होते. कर्ब, जिवाणू, हवामान यांतले कशाचेही त्यांना फारसे कौतुक वाटले नव्हते.

शेतकऱ्यांच्या शंका

पाचटामुळे पहिले पाणी सरीत पुढे सरकत नाही, अशी तक्रार येते. ती खरी आहे. पहिल्या एक-दोन पाळ्यांना वेळ लागतो. पाणी फारच कमी असल्यास एकाआड एक सरीत दुप्पट पाचट ओढून मोकळ्या सरीतून पाणी द्यावे.

उंदीर वाढतात, हेही काही भागांत दिसते. एकट्याने बिळे बुजवून उपयोग होत नाही. शेजारच्या चार-पाच जणांनी मिळून, एकाच आठवड्यात बंदोबस्त करावा.

सर्वांत मोठी भीती आगीची. आपण पाचट ठेवायचे, शेजाऱ्याने आपले पेटवायचे आणि वारा फिरला की आपला फुटलेला खोडवा जळायचा. अशी नुकसानी झालेले शेतकरी मला भेटले आहेत आणि त्यांची समजूत घालण्यासाठी माझ्याजवळ शब्द नव्हते. बांधाकडेची आठ-दहा फुटांची पट्टी पाचट काढून मोकळी ठेवावी. विजेच्या तारांखालचे पाचट आधी ओले करावे. तोडणीनंतर पाणी देण्यास जितके दिवस लागतील तितके दिवस धोका अधिक, म्हणून तोडणीची पाळी कळताच पाण्याची सोय पाहून ठेवावी. एकदा भिजून दबलेले पाचट सहजासहजी पेट घेत नाही. खरे म्हणजे हे काम एकट्याचे नाही. एका शिवारातल्या सगळ्यांनी एकाच वर्षी ठरवले तर ते सोपे जाते.

मार्च-एप्रिलमध्ये ऊस तुटणार असेल आणि खोडवा ठेवायचा नसेल तरीही पाचट जाळू नये. ते मेपर्यंत आच्छादन म्हणून तसेच राहू द्यावे. नंतर कुट्टी करून, वरीलप्रमाणे युरिया, सुपर व जिवाणू टाकून मातीत मिसळावे. पाणी असल्यास किंवा पहिल्या पावसावर ताग किंवा धैंचा पेरून फुलोऱ्यात येण्याच्या सुमारास, सहा-सात आठवड्यांनी गाडावा.

नांगरट दरवर्षी हवीच का?

या मुद्द्यावर कृषी खात्याच्या आणि विद्यापीठांच्या जुन्या शिफारशी वाचलेले वाचक मला अडवतील. उन्हाळी खोल नांगरट करावी, जमीन तापू द्यावी, असे आम्हीच वर्षानुवर्षे सांगत आलो. त्यामागे कारण आहे. हराळी-लव्हाळ्याच्या काश्या वर येऊन वाळतात, किडींचे कोष उघडे पडून पक्षी टिपतात. ज्या रानात हराळी माजली आहे किंवा हुमणीचा उपद्रव आहे, तेथे नांगरट करावी.

पण ज्या रानात यांपैकी काही नाही, तेथेही सवयीने दरवर्षी फूट-सव्वा फूट खोल नांगर घालणे मला योग्य वाटत नाही. नांगरटीने मातीचे घट्ट कण फुटतात, त्यांत दडलेला कर्ब हवेला उघडा पडतो आणि जिवाणू तो झपाट्याने संपवतात. डिझेलचा खर्च वेगळा. मागच्या पिकाची मुळे जमिनीत जागच्या जागी कुजली तर त्यांच्या जागी पाण्या-हवेच्या वाटा तयार होतात. मुळांपासून आलेला कर्ब वरून टाकलेल्या पाल्यापेक्षा मातीत अधिक टिकतो, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. सोयाबीन-हरभऱ्याच्या स्वच्छ रानात कुळवाची पाळी पुरते. काळ्या जमिनीत ती अवश्य द्यावी, म्हणजे उन्हाने पडलेल्या भेगा बुजतात आणि खालची ओल भेगांतून उडून जात नाही.

नेरळचे श्री. चंद्रशेखर भडसावळे यांनी भातासाठी रूढ केलेले सगुणा तंत्र याच विचारावर उभे आहे. त्यात गादीवाफे एकदाच करायचे, चिखलणी-लावणी नाही, आणि कापणीनंतर मुळे जमिनीतच ठेवायची. त्यात तणनाशक वापरावे लागते ही बाजू काहींना पटत नाही. मलाही ती पूर्ण पटलेली नाही. परंतु मुळे न उपटण्याचा विचार कोणत्याही पिकात घेण्यासारखा आहे. कोकणातल्या भात उत्पादकांनी राब भाजण्याऐवजी गादीवाफ्यावर कुजलेले शेणखत घालून रोपे करावीत. राबासाठी दरवर्षी ओरबाडलेली ऐन-किंजळाची झाडे तरी वाचतील.

कपाशीच्या पऱ्हाट्या मात्र शेतात उभ्या ठेवू नयेत. गुलाबी बोंडअळीला त्यांत आसरा मिळतो. फरदड न घेता हंगाम संपताच त्या काढाव्यात, यंत्राने बारीक कराव्यात आणि कंपोस्टला घालाव्यात. त्यासाठी पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांची नाडेप पद्धत सोयीची आहे. विटांचे दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच टाके जाळीदार बांधायचे. त्यात साधारण १४ ते १५ क्विंटल काडीकचरा, सुमारे एक क्विंटल शेण आणि साडेसतरा क्विंटल गाळलेली माती थरांनी भरून भिजवायची आणि वरून शेणमातीने लिंपायचे. तीन ते चार महिन्यांत खत तयार होते. चैत्रात भरलेले टाके आषाढात उपसता येते. उन्हाळ्यात भेगा पडल्या की लगेच लिंपाव्यात आणि ओल टिकवावी. बहुतेक टाकी फसतात ती पाण्याअभावी.

घरामागचा एक गुंठा

एवढे सगळे शेतावर एकदम करणे जमत नसेल तर घरामागच्या एका गुंठ्यात करून पाहावे. ही जागा बहुधा घरातील भगिनींच्या हातात असते आणि माझा अनुभव असा की नवी पद्धत तेथे लवकर रुजते. प्रयोग फसला तर कर्ज अंगावर येत नाही, हेही त्याचे कारण असावे.

फाल्गुन-चैत्रात गवार, भेंडी, चवळी, काकडी, दोडका, दुधी, माठ, राजगिरा यांची लागवड होते. तीन ते साडेतीन फूट रुंदीचे वाफे करावेत आणि त्यांवर पुन्हा कधी पाय द्यायचा नाही असे ठरवावे. चालायला मध्ये दीड फुटाची वाट ठेवावी. वाफ्यात कुजलेले खत मिसळून बी टोकावे. रोप चार पानांवर आले की दोन ओळींत गव्हाचे काड, पाचट किंवा वाळका पाला तीन-चार बोटे जाडीचा पसरावा. खोडाला चिकटू देऊ नये, दोन बोटे जागा मोकळी ठेवावी. दुपारी दोन वाजता उघड्या वाटेवर आणि आच्छादनाखाली तळहात टेकवून पाहावा. वाटेवर तो टेकवत नाही. मुळांना आणि गांडुळांनाही तोच चटका बसत असतो.

वाळवी लागेल अशी भीती अनेकींना वाटते. कोरड्या ढिगाखाली ती लागते, ओल्या वाफ्यावरच्या पातळ थराखाली क्वचित. एक ओळ शेंगवर्गीय आणि एक इतर अशी ठेवावी. हंगाम संपल्यावर गवार-चवळीची झुडपे उपटू नयेत; बुडाशी कापून वरचा पाला तेथेच टाकावा. प्लॅस्टिकच्या आच्छादनाने ओल टिकते आणि तणही दबते, पण ते मातीला काहीही देत नाही आणि त्याचे तुकडे वर्षानुवर्षे वाफ्यात निघत राहतात. परसात त्याची गरज नाही.

बांधावर जागा असेल तर येत्या पावसाळ्याच्या सुरुवातीस गिरिपुष्पाची छाट कलमे लावावीत. त्याचा कोवळा पाला नत्राने समृद्ध असतो आणि पाचटाबरोबर टाकल्यास युरियाचे काही काम तो करतो.

हवामानाला याचा उपयोग किती?

जगभरच्या मातीत असलेला सेंद्रिय कर्ब हा हवेतील आणि झाडाझुडपांतील कर्ब एकत्र केला तरी त्याहून अधिक आहे. म्हणूनच २०१५ साली पॅरिसच्या हवामान परिषदेच्या वेळी फ्रान्सने ‘हजारी चार’ ही मोहीम मांडली. जमिनीतला कर्ब दरवर्षी हजारात चार भाग वाढवावा, असे तिचे उद्दिष्ट आहे. कागदावर हे सोपे दिसते. आपल्या रानात किती जमेल याचा हिशेब मांडून पाहू.

एक हेक्टर जमिनीच्या वरच्या १५ सेंमी थराचे वजन साधारण २२ लाख ४० हजार किलो धरतात. त्यात सेंद्रिय कर्ब ०.१ टक्क्याने वाढवायचा म्हणजे २,२४० किलो कर्ब टिकवायचा. एवढा कर्ब हवेतल्या सुमारे सव्वाआठ टन कर्बवायूच्या बरोबरीचा होतो. सुमारे तीन हजार लिटर डिझेल जाळले तर एवढा वायू निघतो. एका हेक्टरला हे लहान काम नाही. परंतु १० टन पाचटातल्या साडेतीन हजार किलो कर्बापैकी मातीत टिकणार चारशे किलोच्या आसपास. म्हणजे केवळ पाचटावर ०.१ टक्का वाढायला पाच-सहा वर्षे लागतील, आणि तेही जुना कर्ब त्या काळात कमी झाला नाही तर. आपल्या उष्ण हवेत तो कमी होतच असतो. त्यामुळे पाचटाला शेणखत, हिरवळीचे खत आणि कमी नांगरट यांची जोड द्यावी लागते. जेथे कर्ब आधीच ०.४ च्या खाली आहे, तेथे पहिली काही वर्षे आकडा न वाढता नुसता स्थिर राहिला तरी मी ते यश समजेन.

हे सांगण्याचे आणखी एक कारण आहे. अलीकडे ‘कार्बन क्रेडिट’चे करार घेऊन काही मंडळी गावोगाव फिरू लागली आहेत. त्यांतले सगळेच खोटे असे मी म्हणत नाही. पण एका वर्षात कर्ब दुप्पट करून देण्याची भाषा कोणी करत असेल तर वरचा हिशेब त्यांच्यापुढे ठेवावा. करार किती वर्षांचा आहे, मध्येच नांगरट केली तर काय, पैसे केव्हा आणि कोण देणार, हे मराठीत लिहून घेतल्याशिवाय सही करू नये.

नमुना आताच घ्यावा

कर्ब वाढला की नाही हे नजरेने कळत नाही. त्यासाठी माती परीक्षण हवे, आणि रब्बी निघाल्यापासून मेपर्यंतचा काळ नमुना घेण्यास योग्य आहे. एका सारख्या दिसणाऱ्या क्षेत्रात नागमोडी चालत दहा-बारा ठिकाणी वरचा काडीकचरा बाजूला करावा आणि इंग्रजी ‘व्ही’ आकाराचा १५ ते २० सेंमी खोल खड्डा घ्यावा. त्याच्या कडेची वरपासून तळापर्यंत सारख्या जाडीची माती खुरप्याने काढावी. बांध, पाण्याचा पाट, खताच्या ढिगाची जागा आणि झाडाखालची जागा टाळावी. सगळी माती गोणपाटावर मिसळून चार भाग करावेत, समोरासमोरचे दोन टाकून द्यावेत आणि अर्धा किलो उरेपर्यंत असेच करत जावे. ती सावलीत वाळवावी, उन्हात नाही. युरियाच्या रिकाम्या पोत्यावर माती मिसळू नये. अहवालातले आकडे चुकतात.

पाचट ठेवलेले आणि न ठेवलेले रान यांचे नमुने वेगळे द्यावेत. तीन वर्षांनी पुन्हा त्याच रानातून, त्याच महिन्यात, त्याच खोलीवरून नमुना घ्यावा आणि शक्य असल्यास त्याच प्रयोगशाळेत द्यावा. पिशवीत नाव, गट क्रमांक, तारीख आणि मागील पीक लिहिलेली चिठ्ठी टाकावी. ती पेन्सिलने लिहावी, कारण मातीच्या ओलीने शाई पसरते आणि कोणत्या रानाचा कोणता नमुना हे नंतर कोणालाच सांगता येत नाही.